लिंक्डइनवर आपलं काम दिसू द्या: नाशिकमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर सांभाळणाऱ्या मॅडमच्या शेजारी बसून मी एकदा भरती कशी होते ते पाहिलं. व्हीएमसी मशीनसाठी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं उभं मशीन) सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा माणूस, हवा होता. त्यांनी लिंक्डइनच्या शोधपट्टीत चार शब्द टाकले: व्हीएमसी, सेटर, फानुक, नाशिक. यादी आली. प्रत्येकाचा छोटा फोटो, नाव आणि नावाखालची एक ओळ, एवढंच दिसत होतं. मॅडम यादी वर सरकवत होत्या. 'सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज', 'हार्डवर्किंग प्रोफेशनल' अशा ओळी न थांबता मागे पडल्या. त्यांनी तीन प्रोफाइल उघडली. तिघांनीही नावाखाली आपण कोणत्या मशीनवर काम करतो ते लिहिलं होतं.

सात वर्षं फानुक कंट्रोलरवर (फानुक कंपनीची, अशी मशीन चालवणारी नियंत्रण यंत्रणा) हात बसलेला, माझ्या चांगल्या ओळखीचा एक मुलगा त्या यादीत आलाच नाही. त्याच्या प्रोफाइलवर 'फानुक' हा शब्द कुठेही नव्हता.

हे मला फार लागलं. मी स्वतः वीसेक वर्षं क्वालिटी खात्यात काढली आहेत. आता रविवारी सकाळी सिडकोतल्या घरी मुलं-मुली प्रोफाइल घेऊन येतात. कोणी आयटीआय झालेलं, कोणी के. के. वाघ किंवा संदीप फाउंडेशनमधून इंजिनिअर, कोणी केटीएचएममधून बी.एस्सी., कोणी नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेलं. 'पर्सनल ब्रँड' म्हटलं की ती बिचकतात. ते पुण्या-मुंबईच्या साहेब लोकांचं काम, असं त्यांना वाटतं. पण सातपूरमध्ये एखाद्या मिस्त्रींबद्दल 'बोअरिंग (भोक नेमक्या मापात कोरणं) असेल तर डोळे मिटून त्यांच्याकडे द्या' असं बोललं जातं, तोच त्यांचा ब्रँड. तो चार गल्ल्यांत चालतो. प्रोफाइलमुळे तो गोंदे, सिन्नर, ओझर, चाकणपर्यंत पोचू शकतो, एवढाच काय तो फरक.

आधी फोन बाजूला ठेवा

प्रोफाइल उघडण्याआधी एक वही घ्या आणि आपलं काम लिहून काढा. ही पायरी सगळे टाळतात आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. मागे एक मुलगा आला होता, त्याच्याशी झालेलं बोलणं जसं आठवतंय तसं देतो.

"काय करतोस?"
"क्वालिटीत आहे, सर."
"क्वालिटीत म्हणजे काय तपासतोस?"
"जॉब."
"कुठला जॉब?"
"ब्रेकचा पार्ट आहे. बोअर तपासतो."
"कशाने?"
"बोअर गेज, एअर गेज. टॉलरन्स बारा मायक्रॉनचा आहे."
"शिफ्टला किती?"
"साडेचारशेच्या आसपास."
"रिजेक्शन?"
"आधी शंभरात चार जायचे. आता एखादा जातो."
"हे कसं झालं?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "फिक्स्चरमध्ये (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीत) धातूची बारीक चिप अडकायची, सर. जॉब तिरका बसायचा. मी ऑपरेटरला दर जॉबनंतर हवा मारायला लावली. मग मेंटेनन्सवाल्यांनी तिथे कायमचं नोझलच बसवलं."

हे त्याने दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या बायोडेटात फक्त 'क्वालिटी इन्स्पेक्टर, दोन वर्षं' एवढीच ओळ होती. खरं तर मशीन, पार्ट, मोजमापाचं साधन, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), आकडा, अडचण आणि तिचं कारण, हे सगळं त्याच्या तोंडात तयार होतं. तुम्हीही असेच स्वतःला प्रश्न विचारा, किंवा घरातल्या कुणाला तरी विचारायला बसवा. ताई, दादा, मामा, कुणीही चालेल. ज्याला तुमचं काम कळत नाही तो सगळ्यात चांगले प्रश्न विचारतो, कारण त्याला नीट समजावून सांगावं लागतं.

शिक्षण नुकतंच संपलं असेल तर ॲप्रेंटिसशिप, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, सुट्टीत केलेलं काम हे सगळं याच पद्धतीने लिहा. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये एक मुलगी हंगामात काम करायची. ते 'पार्ट टाइम' म्हणून सोडून देणार होती. विचारल्यावर कळलं की तिला युरोपला जाणाऱ्या मालाचं ग्रेडिंग, मण्यांचा आकार आणि ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) तपासणं, कीटकनाशकाच्या अंशाचे लॅब रिपोर्ट लावून ठेवणं आणि अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवरच्या नोंदी हे सगळं येत होतं. फूड टेक्नॉलॉजीच्या मुलीसाठी ही ओळ पदवीइतकीच वजनदार आहे. आपल्या जिल्ह्यात तर हे ज्ञान असणारे लोक सतत लागतात.

नावाखालची ओळ

लिंक्डइन या ओळीला हेडलाइन म्हणतं. तिथे 220 अक्षरं बसतात, पण यादीत आणि मोबाइलवर सुरुवातीचा भागच दिसतो. म्हणून सर्वांत कामाचे शब्द आधी घ्या. क्रम असा ठेवा: हुद्दा, मशीन किंवा विषय, उद्योग, गाव. वर ज्याच्याबद्दल सांगितलं त्या मुलाची ओळ शेवटी अशी झाली: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, इन-प्रोसेस, बोअर गेज अँड एअर गेज, ऑटोमोटिव्ह मशीनिंग, नाशिक'. पॅकहाउसमधल्या मुलीची: 'फूड क्वालिटी, ग्रेप एक्स्पोर्ट पॅकहाउस, रेसिड्यू रिपोर्ट्स अँड ट्रेसेबिलिटी'.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मराठी माझ्या जिव्हाळ्याची भाषा आहे, तरीही ही ओळ, हुद्दे आणि कौशल्यं इंग्रजी लिपीतच लिहा. शोधणारा इंग्रजीत टाइप करतो आणि लिंक्डइन तेच शब्द प्रोफाइलमध्ये शोधतं. तुमचे अनुभव, पोस्ट, प्रतिक्रिया मात्र खुशाल मराठीत लिहा. आपल्या भागातले मालक, सुपरवायझर, वर्कशॉपवाले मराठीतला मजकूर थांबून वाचतात, असा माझा अनुभव आहे.

'पॅशनेट', 'डायनॅमिक', 'टीम प्लेयर' हे शब्द काढून टाका. ते कोणी शोधत नाही, आणि त्यांची जागा 'पीपीएपी' (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) किंवा 'सीएमएम' (पार्टची मापं घेणारं मशीन) अशा शब्दाला मिळू शकते. अर्थात येत असेल तरच. सीएमएमसमोर नुसते उभे राहिला असाल तर लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

फोटो

लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा आणि बाजूला मावशीचा खांदा, असे फोटो मी फार पाहिले आहेत. स्टुडिओत जायची गरज नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास घराच्या सावलीतल्या बाजूला, साध्या भिंतीपुढे उभे राहा. भावाला किंवा मैत्रिणीला फोन डोळ्यांच्या रेषेत धरायला सांगा. छातीपासून वरचा भाग येऊ द्या. कामावर घालता तोच स्वच्छ शर्ट किंवा कुर्ता चालतो. गॉगल नको. यादीत चेहरा नखाएवढा दिसतो, म्हणून चौकटीत चेहरा मोठा असू द्या.

मागच्या आडव्या पट्टीचं माप 1584 बाय 396 पिक्सेल आहे. रिकामी ठेवली तरी बिघडत नाही.

माझ्याबद्दल, म्हणजे अबाउट

यात 2600 अक्षरं बसतात. एवढं लिहायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, पुढचं वाचायला 'सी मोअर' दाबावं लागतं, म्हणून सुरुवात 'आय ॲम अ सिन्सिअर' अशी करू नका. वहीतली नोझलची गोष्ट घ्या आणि तिच्यापासून सुरुवात करा: अमुक पार्टमध्ये शंभराला चार रिजेक्शन होतं, कारण हे सापडलं, उपाय हा केला, आता प्रमाण हे आहे. त्याखाली आणखी दोन कामं. मग काय शिकताय आणि कशा प्रकारचं काम हवं आहे ते एका ओळीत. शेवटी मेल आयडी. मोबाइल नंबर उघडा टाकू नका, विशेषतः मुलींनी.

मजकूर एआयकडून लिहून घेणारे आता बरेच आहेत. इंग्रजी सुधारायला ते चांगलं आहे, मी नको म्हणत नाही. पण वहीतला मुद्दा तुमचा असू द्या, नाहीतर शंभर जणांचं अबाउट सारखंच वाचायला मिळतं आणि त्यातला माणूस कळत नाही.

अनुभवाच्या रकान्यातही हेच. प्रत्येक नोकरीखाली तीन-चार ओळी, प्रत्येक ओळीत एखादं साधन किंवा आकडा. कंपनी निवडताना यादीतून तिचं अधिकृत पान निवडा, म्हणजे लोगो येतो. नोकरीत खंड पडला असेल, घरचं आजारपण असो की बाळंतपण, तर लिंक्डइनवर 'करिअर ब्रेक' नावाची वेगळी नोंद करता येते. ती करा. तारखा ओढून-ताणून खंड लपवला तर पुढे पीएफच्या नोंदींशी जुळत नाही आणि नको तो संशय येतो.

बदल करण्याआधी दोन बटणं

हे मुद्दाम वेगळं सांगतोय. प्रोफाइल दुरुस्त करताना 'नोटिफाय नेटवर्क' असा पर्याय दिसतो. तो बंद ठेवा, नाहीतर नोकरीची नवी नोंद टाकताच तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना सूचना जाते आणि अभिनंदनांचा पाऊस पडतो.

दुसरं 'ओपन टू वर्क'. यात दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात फक्त रिक्रूटर मंडळींना कळतं. नोकरीत असाल तर दुसरा प्रकार निवडा. तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसू नये अशी काळजी लिंक्डइन घेतं, पण पूर्ण खात्री देत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. ज्या कारखान्यात भरतीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं तिथे तर अधिकच जपून.

पत्ता, म्हणजे प्रोफाइलची लिंकही आत्ताच नीट करून घ्या. सुरुवातीला नावापुढे आकड्यांचं शेपूट लागलेलं असतं. 'एडिट पब्लिक प्रोफाइल' मध्ये जाऊन ते काढा आणि नाव-आडनाव एवढंच ठेवा. ते घेतलं गेलं असेल तर पुढे 'नाशिक' जोडा. हीच लिंक बायोडेटावर आणि मेलच्या सहीखाली द्या.

माणसं जोडणं

पहिले पन्नास जण ओळखीचेच असू द्या: वर्गमित्र, आयटीआयचे निदेशक, कॉलेजचे प्राध्यापक, जुने सुपरवायझर, ॲप्रेंटिसशिपमधले सिनियर. मग त्यांच्या ओळखीतून पुढे. अनोळखी साहेबांना विनंती पाठवताना सोबत छोटी चिठ्ठी लिहा. मोफत खात्यात चिठ्ठीसह मोजक्याच विनंत्या पाठवता येतात, त्यामुळे जपून वापरा. 'सर जॉब आहे का' हा मजकूर एचआरच्या माणसाला दिवसभर येत असतो. त्याऐवजी असं काहीतरी:

'नमस्कार सर. निमाच्या कार्यक्रमात आपण फिक्स्चर डिझाइनवर बोललात, ते ऐकलं. मी अंबडमध्ये इन-प्रोसेस क्वालिटीत काम करतो. चिप अडकण्याची आपण सांगितलेली अडचण आम्हालाही येत होती. आपल्याशी जोडलं जायला आवडेल.'

यात मागणी नाही, ओळख आहे. नोकरीचं नंतर बघता येतं. निमा आणि आयमा या आपल्या दोन्ही औद्योगिक संघटनांचे कार्यक्रम होत असतात, प्रदर्शनं भरतात. तिथे जा, बोला, आणि त्याच संध्याकाळी विनंती पाठवा. चार दिवसांनी समोरच्याला चेहरा आठवत नाही.

शिफारस, म्हणजे रेकमेंडेशन, ही माझ्या मते प्रोफाइलवरची सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि मागायला आपण सगळ्यात जास्त लाजतो. कौशल्यावर एंडॉर्समेंट कोणीही टिचकी मारून देतो. शिफारस मात्र माणसाला बसून लिहावी लागते. ज्यांनी तुमचं काम समोर उभं राहून पाहिलं त्यांच्याकडेच मागा, पद कितीही लहान असो. निवृत्त झालेल्या एका फोरमन काकांनी एका मुलासाठी मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या: हा पोरगा रात्रपाळीला एकटा असतानाही पहिला जॉब तपासल्याशिवाय मशीन चालू करत नसे. त्यापुढे कुठलं प्रमाणपत्र टिकणार? मागताना त्यांचं काम सोपं करा. 'काका, आपण सोबत काम केलं त्यातलं फिक्स्चरच्या वेळचं तुम्हाला आठवत असेल, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?' असं नेमकं सांगा. आणि त्यांना लिंक्डइन जमत नसेल तर रविवारी घरी जाऊन शेजारी बसा. मजकूर त्यांचा, टायपिंग तुमचं.

काय लिहावं आणि काय कधीच टाकू नये

रोज पोस्ट टाकायची गरज नाही. आधी महिनाभर इतरांच्या पोस्टवर नीट प्रतिक्रिया द्या. 'ग्रेट सर' ही प्रतिक्रिया झाली नाही. त्यांनी जे लिहिलं त्यात तुमच्या अनुभवातला एक तपशील जोडा किंवा प्रश्न विचारा. मग पंधरा दिवसांतून एकदा स्वतःचं लिहा. विषय छोटा घ्या: आज टूलचं आयुष्य का कमी झालं, नवीन गेज कॅलिब्रेट करताना काय चुकलं, द्राक्षाच्या पेटीत आर्द्रता कशी राखतात. चूक आणि तिची दुरुस्ती सांगणारी पोस्ट लोक आवडीने वाचतात, कारण त्यातून त्यांनाही शिकायला मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने हौसेने नव्या मशीनसोबत सेल्फी टाकला. मागे बोर्डावर ग्राहकाचं ड्रॉइंग लावलेलं होतं, पार्ट नंबरसकट. दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी वाचली, पण लेखी समज मिळाली आणि वर्षभर बढती अडकली. मुलगा प्रामाणिक होता, त्याला कोणी हे आधी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: शॉप फ्लोअरचा फोटो परवानगीशिवाय टाकायचा नाही. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, पार्ट नंबर, उत्पादनाचा खरा आकडा, किंमत, काहीही नाही. रिजेक्शन 'चारवरून एक' असं प्रमाण सांगायचं असेल तरी आधी साहेबांना विचारा. एचएएलच्या ओझर कारखान्यासाठी काम करणाऱ्या पुरवठादारांकडे असाल, किंवा नाशिकरोडच्या नोटा आणि सिक्युरिटी प्रेसशी संबंधित काही काम असेल, तर आतलं काहीच लिहायचं नाही. हुद्दा आणि सर्वसाधारण कौशल्यं पुरेशी आहेत.

नोकरीच्या नावाखाली पैसे मागणारे

प्रोफाइल नीट झालं की मेसेज यायला लागतात, आणि त्यात फसवेही असतात. मोठ्या कंपनीचं नाव, इंटरव्ह्यू न घेताच ऑफर लेटर, मग रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर यायला सांगितलं की सावध व्हा. मेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय की साध्या जीमेलवरून, ते पाहा. शंका आली तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर काढून फोन करा, मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नको. पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त.

बाकीच्या जागा

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल ठेवाच. तिथे भरती करणारे 'अलीकडे सक्रिय' असा फिल्टर लावतात, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून एखादी ओळ बदलत राहा, आणि नोटीस पिरियड खरा लिहा. सॉफ्टवेअरवाल्यांनी गिटहबवर दोन पूर्ण झालेली कामं ठेवावीत. अर्धवट वीस ठेवण्यापेक्षा ती बरी. स्वतःचं वर्कशॉप किंवा जॉबवर्क असेल, इलेक्ट्रिशियन किंवा डिझायनर असाल, तर गूगलवर बिझनेस प्रोफाइल मोफत काढता येतं. त्यात कामाचे फोटो, वेळ आणि ग्राहकांचे अभिप्राय येतात. सगळीकडे नाव, फोटो आणि हुद्दा एकच ठेवा. एका ठिकाणी 'क्वालिटी इंजिनिअर' आणि दुसरीकडे 'क्वालिटी मॅनेजर' दिसलं की वाचणारा गोंधळतो.

दर महिन्याला अर्धा तास

लिंक्डइनवर तुमच्या प्रोफाइलखाली 'सर्च अपिअरन्सेस' असा आकडा दिसतो. तुम्ही किती शोधांत आलात आणि शोधणारे कुठल्या कंपनीत, कुठल्या हुद्द्यावर आहेत, ते तिथे कळतं. महिन्यातून एका रविवारी तो उघडा. शोधणारे तुमच्या क्षेत्रातले नसतील तर हेडलाइनमधले शब्द चुकले आहेत. आपल्याला हव्या त्या हुद्द्याच्या पाच जाहिराती वाचा, त्यात सारखे येणारे शब्द वहीत उतरवा, आणि जे खरोखर येतात ते वरच्या ओळीत आणा.

सात वर्षं फानुकवर काम केलेल्या त्या मुलाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्याच्या हेडलाइनचा पहिला शब्द आता 'व्हीएमसी' आहे आणि तिसरा शब्द 'फानुक' आहे. पुढच्या रविवारी तो जुन्या फोरमनकडे शिफारस लिहून घ्यायला जाणार आहे.